पंपिंगचा आकडा लिहिण्याआधी: इको नव्यानं शिकणाऱ्यांसाठी

इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, संपत आलं की टेबलावर झोपलेली आजी किंवा दाराशी थांबलेला तिचा मुलगा हमखास विचारतो, "डॉक्टर, पंपिंग किती आहे?" आपण एक टक्केवारी सांगतो. त्या एका टक्केवारीवर गोळ्या ठरतात, झडपेचं ऑपरेशन आत्ता करायचं की थांबायचं ते ठरतं, छातीत उपकरण बसवायचं का हेही ठरतं. एवढा भार ज्या आकड्यावर आहे, तो काढायला मात्र बहुतेकांना घाईगर्दीतच शिकावं लागतं. ज्यांनी नुकताच प्रोब (छातीवर टेकवायचं इकोचं उपकरण) हातात घेतलाय अशा निवासी डॉक्टरांसाठी आणि इको तंत्रज्ञांसाठी हे सविस्तर लिहितेय.

माझा आग्रह एकाच गोष्टीचा आहे. पंपिंगचा हा आकडा म्हणजे ईएफ (इजेक्शन फ्रॅक्शन): डाव्या खालच्या कप्प्यात भरलेल्या रक्तातलं किती टक्के एका ठोक्याला बाहेर पडतं ते. तो काढा केव्हाही, पण लिहा सगळ्यात शेवटी. आधी माणूस बघा, मग चित्र, मग भिंती, मग आतला दाब, मग उजवी बाजू. या क्रमानं गेलात तर हातातला आकडा खरा आहे की फसवा, हे तुमचं तुम्हालाच कळायला लागतं.

शब्दांबद्दल थोडं. हृदयाच्या खालच्या कप्प्यांना शाळेच्या पुस्तकात निलय म्हणतात, जुन्या पुस्तकांत जवनिका. इकोच्या खोलीत डाव्याला एलव्ही आणि उजव्याला आरव्हीच म्हटलं जातं, म्हणून मीही तेच म्हणेन.

प्रोब उचलण्याआधी

तपासणी कशासाठी पाठवली आहे, हे चिठ्ठीवर बरेचदा नीट लिहिलेलं नसतं. "२डी इको करा" एवढंच असतं. मग रुग्णालाच विचारा. दम लागतो का, किती चालल्यावर लागतो, रात्री उशा वाढवाव्या लागतात का, पाय सुजतात का, पूर्वी हार्ट अटॅक, अँजिओप्लास्टी किंवा बायपास झालीय का. दोन मिनिटं जातात, पण पुढची वीस मिनिटं कशावर घालवायची ते त्यातूनच कळतं.

हार्ट फेल्युअरचे ए, बी, सी, डी असे चार टप्पे मानतात. ए म्हणजे नुसता धोका: रक्तदाब, मधुमेह, स्थूलपणा, हृदयाला अपाय करू शकणारी कॅन्सरची औषधं, घराण्यात हृदयाच्या स्नायूचा आजार. बी म्हणजे हृदयात बदल झालेला आहे, पण माणसाला अजून काही जाणवत नाही. सी मध्ये लक्षणं सुरू झालेली असतात आणि डी हा अगदी पुढचा टप्पा. इको करणाऱ्याचं खरं मोल ए आणि बी यांच्या सीमेवर असतं. धाप लागलेल्या माणसाचं हृदय दुबळं झालंय हे स्टेथोस्कोप लावूनही अंदाजानं सांगता येतं. पण ज्याला काहीच होत नाही त्याच्या भिंती जाड व्हायला लागल्यात, हे आपल्याशिवाय कोणी सांगणार नाही.

म्हणून धोका कोणता, त्याप्रमाणे नजर कुठे ठेवायची ते आधीच ठरवा. जुना रक्तदाब असेल तर भिंतींची जाडी, डाव्या वरच्या कप्प्याचा आकार आणि प्रसरण (एलव्ही सैल होऊन भरणं). हार्ट अटॅक होऊन गेला असेल तर एकेक भिंत सुटी सुटी, आणि एलव्हीच्या टोकाशी रक्ताची गुठळी आहे का. केमोथेरपी सुरू व्हायची असेल तर आजचं इको हे पुढच्या सगळ्या इकोंचं मोजमाप ठरणार आहे, तिथे घाई करूच नका. फुप्फुसाचा जुना आजार असेल तर उजवी बाजू. घरात कोणी तरुणपणी अचानक गेलं असेल तर एलव्ही आणि आरव्ही यांच्यामधल्या पडद्याची जाडी सगळ्या पातळ्यांवर.

त्या क्षणाचा रक्तदाब, उंची, वजन आणि नाडीची लय लिहून घ्या. रक्तदाब लिहायचा राहतोच, आणि नेमकी तीच चूक महागात पडते. २०० वर १०० अशा दाबाविरुद्ध आकुंचन पावणारा एलव्ही आणि ११० वर ७० ला आकुंचन पावणारा तोच एलव्ही वेगळे आकडे देतात. सहा महिन्यांनी कोणी दोन रिपोर्ट शेजारी ठेवले, तर हृदय बिघडलं की त्या दिवशी दाब चढला होता, हे त्या एका नोंदीवरून कळतं. जुना रिपोर्ट असेल तर मागून घ्या. मात्र त्यातला ईएफ तुमचं चित्र बघून झाल्यावर वाचा, नाहीतर डोळा तिकडेच ओढला जातो.

चित्र हीच अर्धी तपासणी

डाव्या कुशीवर वळवा, डावा हात डोक्याखाली घ्यायला सांगा, ईसीजीच्या तारा लावा. डाव्या कुशीवर हृदय छातीच्या भिंतीला टेकतं आणि फासळ्या फाकतात. ज्यांना झोपवत नाही त्यांना टेकून बसवा, पण तसं रिपोर्टमध्ये लिहा. श्वास सोडून थांबायला सांगा. ज्यांना ते जमत नाही त्यांच्याबरोबर तुम्हीही श्वास सोडून थांबा, म्हणजे किती वेळ धरायला सांगतोय याचं भान राहतं.

छातीच्या हाडाशेजारून लांब आणि आडवा छेद, टोकावरून चार, दोन आणि तीन कप्प्यांची चित्रं, आणि शेवटी पोटाच्या वरच्या बाजूनं एक. यातलं एखादं वाईट आलं म्हणून सोडून देऊ नका. दम्याच्या रुग्णात बाकी काही दिसत नाही, पण पोटाकडून सुंदर चित्र मिळतं, हे अनेकदा होतं.

सगळ्यात जास्त वेळ मी टोकावरच्या चित्रांसाठी मागेन. नवखा माणूस इथेच फसतो, आणि आपण फसलोय हे त्याला कळतही नाही. प्रोब खऱ्या टोकावर नसून थोडा वर, एक फासळी अलीकडे असेल, तर छेद तिरका जातो आणि एलव्ही आखूड, गोलसर दिसतो. पडद्यावर जे टोक वाटतं ते टोक नसतंच, ती बाजूची भिंत असते. ती जोरात आत येते, पंपिंग झकास वाटतं, आणि ईएफ खोटा वाढतो. खरं टोक ओळखायची खूण अशी की तिथली भिंत बाकीपेक्षा पातळ असते आणि टोक जागचं फारसं हलत नाही. हलतो तो झडपेकडचा तळ, तो टोकाकडे येतो आणि परत जातो. तुमच्या चित्रात टोकच आत-बाहेर उडी मारत असेल, तर थांबा. प्रोब एक फासळी खाली आणि थोडा बाहेर सरकवा.

शिकत असताना मी एका हार्ट अटॅकच्या रुग्णाचं पंपिंग अशाच आखूड चित्रावर ६० टक्के लिहिलं होतं. माझ्या वरिष्ठांनी काही न बोलता प्रोब दोन बोटं खाली सरकवला. पडद्यावर एलव्ही लांबला, पातळ, निश्चल टोक दिसलं आणि त्याला चिकटलेली गुठळीही दिसली. तो रिपोर्ट तसाच गेला असता तर त्या माणसाला रक्त पातळ करणारं औषध मिळालं नसतं. त्या दिवसापासून टोक सापडल्याशिवाय मी मोजायला घेत नाही.

यंत्राच्या बाबतीत दोनच गोष्टी सांभाळा. डेप्थ एवढीच ठेवा की एलव्ही पडदाभर दिसेल. आणि आतली कड दिसत नाही म्हणून गेन, म्हणजे चित्राचा उजळपणा, वाढवत जाऊ नका. कड ठळक होते, पण ती जाड होऊन पोकळी लहान दिसते. लागून असलेले दोन किंवा जास्त भाग नीट दिसतच नसतील तर काँट्रास्ट (पोकळी उजळून दाखवणारं, शिरेतून द्यायचं द्रव्य) मागा. अंदाजानं रेघ ओढण्यापेक्षा ते केव्हाही बरं.

मोजण्याआधी डोळ्यांनी

आता हात यंत्रावरून काढा आणि नुसतं बघा. तीन-चार ठोके बघून मनाशी एक ईएफ ठरवा आणि कागदावर टिपून ठेवा. मोजून आलेला आकडा त्यापासून १० टक्क्यांहून लांब गेला, तर दोन्हींपैकी एक चुकलंय. चित्र परत बघा, रेघ परत ओढा. हा सराव रोज केलात तर काही महिन्यांत डोळा तयार होतो. आणि अतिदक्षता विभागात मध्यरात्री बोलावलं की बहुतेक वेळा त्या डोळ्यावरच भिस्त असते.

भिंती बघताना हालचालीपेक्षा जाड होण्याकडे लक्ष द्या. जिवंत, सशक्त स्नायू आकुंचनात जाड होतो. मेलेला भाग शेजारच्या चांगल्या भागानं ओढला म्हणून हलतो, पण जाड होत नाही. उलटही होतं: डावी बंडल ब्रँच ब्लॉक असेल (डावीकडे विद्युत संदेश नेणारी वाट बंद असेल), पेसमेकर चालू असेल किंवा बायपास झालेली असेल, तर दोन कप्प्यांमधला पडदा विचित्र हलतो, तरी जाड मात्र होतो. अशा पडद्याला हार्ट अटॅकचा डाग समजू नका.

एलव्हीचे १६ भाग करून प्रत्येकाला गुण देतात. नीट चालणाऱ्याला १, मंद चालणाऱ्याला २, न चालणाऱ्याला ३, आकुंचनाच्या वेळी उलटा बाहेर फुगणाऱ्याला ४. (टोकाची टोपी वेगळी मोजली की १७ होतात, ती पद्धत रक्तपुरवठ्याच्या तपासण्यांत जास्त वापरतात.) सोळा गुणांची बेरीज भागिले सोळा, म्हणजे सरासरी. पूर्ण निरोगी हृदयाची सरासरी १ येते.

बिघडलेले भाग कोणत्या धमनीच्या हद्दीत बसतात ते ताडून बघा. पुढची भिंत, पडद्याचा पुढचा भाग आणि टोक म्हणजे एलएडी, डावीकडची पुढून उतरणारी धमनी. खालची भिंत बहुधा उजव्या धमनीची, बाजूची भिंत सर्कमफ्लेक्सची, म्हणजे डावीकडच्या वळून मागे जाणाऱ्या धमनीची. हद्दी माणसागणिक थोड्या सरकतात. पण बिघाड कोणत्याच एका धमनीच्या हद्दीत बसत नसेल, तर स्नायूच्या आजाराचा, सूज आल्याचा किंवा ताणानं हृदय अचानक दुबळं होण्याच्या ताकोत्सुबो प्रकाराचा विचार मनात यायला हवा.

आता मोजा

इंगे एडलर आणि हेल्मुथ हर्ट्झ यांनी १९५३ साली स्वीडनमधल्या लुंड इथे धातूतले दोष शोधायच्या यंत्रानं हृदयाचे प्रतिध्वनी टिपले, तेव्हा त्यांच्यापुढे एका रेषेवरची हालचाल होती. तीच पुढे एम-मोड झाली. एका रेषेवर दोन अंतरं मोजायची आणि त्यावरून सगळ्या पोकळीचं आकारमान काढायचं, ही टायशोल्झची पद्धत त्याच घराण्यातली. सगळ्या भिंती सारख्या चालत असतील तर तिचा आकडा जवळपास बसतो. पण रेषा जाते तळाच्या भागातून. टोक निकामी असेल तर ते त्या रेषेत येतच नाही, आणि हार्ट अटॅकच्या रुग्णाचा ईएफ ६५ टक्के छापून येतो. यंत्र हा आकडा न मागता देतं. हृदयविकाराच्या रुग्णात तो रिपोर्टमध्ये घेऊ नका.

लांब छेदात एलव्हीचा व्यास आणि भिंतींची जाडी जरूर मोजा. प्रसरणाच्या शेवटी भिंत पुरुषांत १० आणि स्त्रियांत ९ मिलिमीटरपर्यंत असावी. व्यास पुरुषांत साधारण ५८ आणि स्त्रियांत ५२ मिलिमीटरच्या आत. मागच्या भिंतीच्या जाडीची दुप्पट भागिले व्यास ०.४२ च्या वर गेलं, तर पोकळीच्या मानानं भिंत जाड झालीय. जुन्या रक्तदाबात हेच बघायचं असतं.

ईएफसाठी सिम्पसनची दोन प्रतलांची पद्धत वापरा. टोकावरून चार कप्प्यांचं चित्र आणि दोन कप्प्यांचं चित्र, दोन्हींत आतली कड आखायची. यंत्र पोकळीच्या २० चकत्या करून आकारमान काढतं. आखताना या गोष्टी पाळा:

- पोकळी सगळ्यात मोठी असते ती फ्रेम आणि सगळ्यात लहान असते ती फ्रेम स्वतः शोधा, यंत्रानं निवडलेली तशीच मान्य करू नका.
- पॅपिलरी स्नायू (झडपेच्या दोऱ्या धरणारे आतले उंचवटे) आणि आतल्या बारीक दोऱ्या पोकळीत धरायच्या, रेघ त्यांच्या बाहेरून, घट्ट स्नायूच्या कडेनं जाते.
- दोन्ही चित्रांत एलव्हीची लांबी बघा. फरक १० टक्क्यांहून जास्त असेल तर एक चित्र आखूड आहे, परत घ्या.
- लय अनियमित असेल तर निदान पाच ठोक्यांची सरासरी. अवेळी आलेल्या ठोक्यावर किंवा त्याच्या पुढच्या ठोक्यावर कधीच मोजू नका.

प्रसरणाच्या शेवटी १२० मिलिलिटर, आकुंचनाच्या शेवटी ५०, म्हणजे एका ठोक्याला ७० मिलिलिटर बाहेर पडलं. ७० भागिले १२०, म्हणजे ५८ टक्के. पुरुषांत ५२ ते ७२ आणि स्त्रियांत ५४ ते ७४ ही नेहमीची मर्यादा. ४१ पासून त्या मर्यादेपर्यंत थोडं कमी, ३० ते ४० मध्यम कमी, ३० च्या खाली खूप कमी. निरोगी माणसाचा ईएफही १०० नसतो, हे रुग्णाला आवर्जून सांगा. ५५ ऐकून परीक्षेत जेमतेम पास झाल्यासारखे चेहरे पडतात.

आणि हे कायम लक्षात ठेवा: त्याच रुग्णाचं त्याच दिवशी दुसऱ्या कोणी मोजलं तर २डी ईएफमध्ये ५ ते १० टक्क्यांचा फरक पडू शकतो. ५५ वरून ५० झालं म्हणून कोणाची झोप उडवू नका. दोन्ही वेळची चित्रं शेजारी लावून बघा, मग बोला. ३डी इको चांगलं जमत असेल तर हा फरक कमी होतो.

ईएफ जिथे खोटी ग्वाही देतो

मला सगळ्यात जास्त तळमळ या भागाची आहे. दोन हृदयं डोळ्यांसमोर आणा. पहिलं जाड भिंतींचं, लहान पोकळीचं: भरल्यावर ६० मिलिलिटर, रिकामं झाल्यावर २२. ईएफ ६३ टक्के. दुसरं ताणलेलं, मोठं: भरल्यावर २००, रिकामं झाल्यावर १३०. ईएफ ३५ टक्के. रिपोर्ट वाचणारा पहिल्याला निश्चिंत घरी पाठवेल. पण पहिलं हृदय ठोक्याला ३८ मिलिलिटर बाहेर टाकतंय आणि दुसरं ७०. याचा अर्थ दुसरं हृदय बरं आहे असा नाही, ते मोठं होऊन कसंबसं भागवतंय. पण पहिल्या माणसाला जिना चढताना दम लागतो तो खरा असतो, आणि "पंपिंग नॉर्मल आहे, मनाचं आहे" असं ऐकून तो परत जातो, ते आपल्या अपुऱ्या रिपोर्टमुळे.

मायट्रल झडप (एलव्ही आणि त्याच्या वरच्या कप्प्यामधली) खूप गळत असेल तेव्हाही असंच. भरल्यावर १६०, रिकामं झाल्यावर ६०, ईएफ ६२ टक्के. त्या १०० मिलिलिटरमधले ५० मागे वरच्या कप्प्यात गेले तर शरीराला मिळाले ५०च. मागे जायची वाट सोपी म्हणून एलव्हीला कष्ट कमी पडतात आणि आकडा फुगतो. म्हणूनच तीव्र गळतीत ईएफ ६० किंवा त्याखाली आला, किंवा आकुंचनाच्या शेवटचा व्यास ४० मिलिमीटर झाला, की एलव्ही थकायला लागला असं धरून ऑपरेशनचा विचार करतात. इतर कोणात ६० म्हणजे उत्तम, इथे ती धोक्याची पाटी आहे.

यावर उपाय म्हणजे प्रत्यक्ष बाहेर पडणारं रक्त मोजणं. महाधमनीच्या झडपेखालच्या वाटेचा व्यास मोजा, तिथेच पल्स डॉपलर (रक्ताचा वेग मोजायची पद्धत) लावून व्हीटीआय, म्हणजे एका ठोक्यात रक्त किती अंतर पुढे जातं ते, घ्या. व्हीटीआय साधारण १८ ते २२ सेंटिमीटर असतो. क्षेत्रफळ गुणिले व्हीटीआय म्हणजे ठोक्याचं रक्त. व्यास २० मिलिमीटर आणि व्हीटीआय २० सेंटिमीटर असेल तर ६३ मिलिलिटर. तोच व्यास चुकून १८ मोजलात तर ५१. व्यासाचा वर्ग होतो, म्हणून दोन मिलिमीटरची चूक एवढी मोठी होते. चित्र झूम करून, आकुंचनाच्या मध्याला, आतल्या कडेपासून आतल्या कडेपर्यंत मोजा. त्याच रुग्णाचं परत परत बघत असाल तर नुसता व्हीटीआय पुरतो, व्यास काही बदलत नाही.

दुसरं साधन स्ट्रेन, म्हणजे जीएलएस (ग्लोबल लाँजिट्यूडिनल स्ट्रेन). एलव्हीचा स्नायू लांबीत किती टक्के आखूड होतो ते यात दिसतं, म्हणून आकडा ऋण येतो. उणे २० च्या आसपास असेल तर छान, चिन्ह सोडून १६ च्या आत असेल तर कमी. लांबीत धावणारे तंतू मुख्यतः स्नायूच्या आतल्या थरात असतात, आणि रक्तदाब, मधुमेह, रक्तपुरवठ्याची कमतरता यांचा पहिला फटका त्याच थराला बसतो. त्यामुळे ईएफ शाबूत असताना जीएलएस आधी उतरतो. कॅन्सरच्या औषधांवर असलेल्या रुग्णात पहिल्या आकड्याच्या तुलनेत १५ टक्क्यांहून जास्त घट झाली तर कळवायलाच हवं: उणे २० चं उणे १६.५ झालं तर ती घट १७ टक्क्यांच्या वर जाते. मात्र कंपनीगणिक यंत्राचा जीएलएस बदलतो, म्हणून एका रुग्णाचं इको शक्यतो एकाच यंत्रावर करा. भिंती जाड, ईसीजीत लाटा बुटक्या, आणि स्ट्रेन टोकाशी टिकलेला पण तळाशी ढासळलेला, असं दिसलं तर अमायलॉइडचा (स्नायूत विकृत प्रथिन साचण्याच्या आजाराचा) संशय स्पष्ट शब्दांत लिहा.

भरतं कसं, तेही पाहा

पंपाला आधी भरावं लागतं. कडक झालेला एलव्ही भरताना दाब वाढवतो, तो दाब मागे फुप्फुसात जातो आणि दम लागतो. ईएफ ५० किंवा जास्त असूनही हार्ट फेल्युअर होतं ते असं.

मायट्रल झडपेतून ई (एलव्ही सुरुवातीला भरतानाची) आणि ए (वरचा कप्पा शेवटी ढकलतो तेव्हाची) लाट घ्या, टिश्यू डॉपलरनं झडपेच्या दोन्ही कडांचा ई-प्राइम, म्हणजे भरतानाचा स्नायूचा वेग, घ्या, डाव्या वरच्या कप्प्याचं आकारमान आणि ट्रायकस्पिड (उजव्या दोन कप्प्यांमधल्या झडपेच्या) गळतीचा वेग घ्या. २०१६ च्या मार्गदर्शिकेत ईएफ चांगला असलेल्यांसाठी चार निकष होते: सरासरी ई भागिले ई-प्राइम १४ च्या वर, ई-प्राइम पडद्याकडे ७ च्या किंवा बाजूला १० च्या खाली, गळतीचा वेग सेकंदाला २.८ मीटरच्या वर, आणि कप्प्याचं आकारमान शरीराच्या पृष्ठभागाच्या दर चौरस मीटरला ३४ मिलिलिटरच्या वर. चारांपैकी तीन जुळले तर प्रसरणात दोष, एकच जुळला तर नाही, दोन जुळले तर नक्की सांगता येत नाही असंच लिहायचं. हे निकष काही वर्षांनी बदलत राहतात, तुमच्या विभागात सध्या कोणते वापरतात ते विचारून घ्या.

नवख्यांची एक चूक नेहमीची: ए लाट ई पेक्षा उंच दिसली की "ग्रेड १ डायस्टॉलिक डिसफंक्शन" (प्रसरणातला सौम्य दोष) लिहून मोकळं व्हायचं. साठी ओलांडलेल्या बहुतेकांत ती तशीच असते. एवढ्यावर शिक्का मारला की तो माणूस पुढची अनेक वर्षं स्वतःला हृदयरोगी समजतो. शिवाय एट्रियल फिब्रिलेशनमध्ये (वरचे कप्पे नीट आकुंचन न पावता नुसते थरथरतात त्या लयीत) ए लाट नसतेच, आणि मायट्रलच्या कड्याला खूप कॅल्शियम असेल किंवा झडप कृत्रिम असेल तर ई-प्राइमवर विसंबता येत नाही.

उजवी बाजू

आरव्हीचा आकार चंद्रकोरीसारखा, तो कुठल्याच साध्या भूमितीत बसत नाही. म्हणून एका आकड्यावर न राहता चार-पाच गोष्टी बघायच्या. आरव्ही नीट दिसेल असं वेगळं चित्र घ्या. तळाचा व्यास ४१ मिलिमीटरच्या वर म्हणजे मोठा. टॅप्सी (ट्रायकस्पिडचं कडं आकुंचनात टोकाकडे किती सरकतं ते) १७ मिलिमीटरच्या खाली, टिश्यू डॉपलरचा वेग सेकंदाला ९.५ सेंटिमीटरच्या खाली, आकुंचनात क्षेत्रफळातली घट ३५ टक्क्यांच्या खाली, म्हणजे ताकद कमी. हृदयाचं ऑपरेशन झालेल्यांत टॅप्सी कमी येतो, पण आरव्ही तसा दुबळा नसतोही, तिथे क्षेत्रफळावर भर द्या.

आता आरव्हीतला आकुंचनाच्या वेळचा दाब: ट्रायकस्पिड गळतीच्या वेगाचा वर्ग गुणिले चार, अधिक उजव्या वरच्या कप्प्यातला दाब. वेग ३ असेल तर ३६, त्यात ८ मिळवले की ४४. तो मिळवायचा दाब खालच्या महाशिरेवरून घेतात: २१ मिलिमीटरपर्यंत रुंद आणि श्वास आत घेताना निम्म्याहून जास्त मिटणारी असेल तर ३, रुंद आणि न मिटणारी असेल तर १५, अधलंमधलं ८. आरव्ही पार थकला असेल तर त्याला दाब निर्माणच करता येत नाही, तेव्हा हा आकडा कमी येतो. मोठा, मंद आरव्ही आणि कमी दाब ही जोडी बघून निर्धास्त होऊ नका, ती जास्त वाईट आहे. आडव्या छेदात पडदा चपटा होऊन एलव्ही इंग्रजी डी सारखा दिसतो का तेही बघा.

इको पुरत नाही तेव्हा

आकारमानासाठी सगळ्यात भरवशाची तपासणी एमआरआय. गॅडोलिनियम (एमआरआयसाठी शिरेतून द्यायचं द्रव्य) दिलं की डाग कुठे आहे तेही दिसतं: आतल्या थरापासून सुरू होणारा डाग धमनीच्या आजाराचा, मधल्या किंवा बाहेरच्या थरातला डाग बहुधा दुसऱ्या कशाचा. मूत्रपिंड फारच दुबळं असेल तर गॅडोलिनियम देण्याआधी विचार करावा लागतो. दम लागण्याचं कारण हृदय आहे का, असा पेच असेल तर रक्तातला एनटी-प्रोबीएनपी (हृदयावर ताण आला की वाढणारा घटक) कामी येतो. ओपीडीतल्या रुग्णात तो मिलिलिटरला १२५ पिकोग्रॅमच्या खाली असेल तर हार्ट फेल्युअरची शक्यता कमी, मात्र खूप स्थूल माणसात तो फसवा कमी येऊ शकतो.

रिपोर्ट लिहिताना

काही गोष्टी रिपोर्ट टाइप करण्याइतकाही वेळ देत नाहीत. हृदयाभोवती पाणी साचून उजवे कप्पे दबताहेत, महाधमनीत फाटलेला पदर हलताना दिसतोय, अचानक दम लागलेल्या माणसात आरव्ही फुगलाय आणि त्याची भिंत टोक सोडून थिजलीय, किंवा एलव्हीत ताजी, हलती गुठळी आहे, तर जागेवरून उठा नाहीतर फोन करा. रुग्णाला एकटं सोडू नका.

बाकी रिपोर्टमध्ये पहिल्या ओळीत चित्राचा दर्जा आणि लय, रक्तदाब. मग एलव्हीचा आकार, भिंती, कोणते भाग मंद आहेत त्यांची नावं. मग ईएफ (भरायचा शेवटी, पण त्याची जागा इथे), आणि तो कोणत्या पद्धतीनं काढला ते. "नजरेनं सुमारे ४० ते ४५" असं लिहिण्यात कमीपणा नाही, खोट्या अचूकतेपेक्षा वाचणाऱ्याला ते उपयोगी पडतं. मग प्रसरण, आरव्ही, झडपा, आणि शेवटी जुन्या चित्राशी तुलना.

ईएफ ३५ च्या आसपास असेल तर तो परत मोजा, शक्य तर दुसऱ्या कोणाला मोजायला द्या. हृदय अचानक थांबू नये म्हणून छातीत बसवायच्या आयसीडी या उपकरणाचा निर्णय बहुतेकदा ३५ या रेघेवर होतो, आणि तोही हार्ट अटॅकनंतर निदान ४० दिवस गेल्यावर, पूर्ण औषधं निदान तीन महिने दिल्यावर. त्यामुळे हार्ट अटॅकच्या तिसऱ्या दिवशी मोजलेला ३२ हा अंतिम नाही, हे रिपोर्ट घेऊन जाणाऱ्याला तोंडी सांगा. बधिर झालेला स्नायू काही आठवड्यांत परत जागा होऊ शकतो. आणि ४० किंवा खाली असलेला ईएफ औषधांनी निदान १० नं वाढून ४० च्या वर गेला, तरी त्याला "सुधारलेलं" म्हणायचं, "बरं झालेलं" नाही, कारण गोळ्या थांबवल्या की तो पुन्हा घसरू शकतो. दाराशी थांबलेल्या मुलाला पंपिंगचा आकडा सांगाल तेव्हा हे वाक्यही त्याच्या जोडीनं सांगा: आकडा वाढला म्हणून आईच्या गोळ्या स्वतःहून बंद करू नका.